बी क्लासची खाट

"अक्का, बायकांच्या यार्डातली ती खाट उचलून स्टोअरला जमा करा," जेलरसाहेब म्हणाले. "संध्याकाळच्या गिनतीच्या आत."

"कोणती खाट?"

"विमलाबाईंची. त्यांचा अर्ज मंजूर झाला. आजपासून त्या सी क्लास."

"उद्या उचलली तर नाही चालणार?"

"उद्या साहेबांचा राऊंड आहे. सी क्लासच्या कैद्याकडे खाट दिसली तर उत्तर मला द्यावं लागेल, तुम्हाला नाही."

अडचण अशी होती, की त्या वेळी त्या खाटेवर विमलाबाई नव्हत्याच. त्या बाहेर लिंबाखाली टकळीवर सूत काढत बसल्या होत्या. खाटेवर सुरकी झोपली होती. सुरकीचे दिवस भरत आले होते, पाय सुजले होते, आणि दिवसा ती त्या खाटेवर झोपते हे ना विमलाबाईंना माहीत होतं, ना जेलरसाहेबांना.

मी तिला उठवलं. दोन वॉर्डर यार्डाच्या दारापर्यंत आले, मी खाट दारापर्यंत ओढत नेली, आणि खाट गेली.

हे सगळं कळायला जेलचा कारभार थोडा सांगावा लागेल.

मी यावलकडची. आमच्या केळीच्या बागा. मराठी सहा इयत्ता झाल्या, लग्न झालं, नवरा गेला. दीर पोलिसात होते, त्यांनी मला खानदेशातल्या एका जेलमध्ये चिकटवून दिलं. जेलचं नाव सांगत नाही, मी अजून तिथेच नोकरीला आहे. हुद्दा फीमेल वॉर्डर. लोक मेट्रनबाई म्हणतात, गावाकडचे अक्का म्हणतात. पुरुष वॉर्डरांच्या पाळ्या बदलतात. माझी पाळी बदलत नाही, कारण बदली द्यायला दुसरी बाई नाही.

बायकांचं यार्ड म्हणजे एक बराक, एक नळ, एक लिंब. बराक म्हणजे कैद्यांची लांबट खोली. नियम सांगतो की वेगवेगळ्या क्लासचे कैदी वेगळे ठेवावेत, खटला चालू असलेले कच्चे आणि शिक्षा झालेले पक्के वेगळे ठेवावेत, राजकीय आणि गुन्हेगार वेगळे ठेवावेत. पुरुषांच्या बाजूला त्यासाठी भिंती आहेत. बायकांच्या बाजूला मी आहे.

क्लास म्हणजे काय, ते सांगते. पूर्वी गोऱ्या कैद्याला खाट, पाव आणि बूट मिळत, काळ्याला घोंगडी आणि भाकरी. त्यावर ओरड झाली. मग सरकारने कागदावरून गोरा-काळा हा भेद काढून टाकला आणि त्याच्या जागी राहणीमान हा शब्द घातला. बाहेर ज्याचं राहणीमान उंच, त्याला आत ए किंवा बी क्लास. बाकीचे सी. गोऱ्यांचं राहणीमान उंच धरलेलंच होतं, त्यामुळे त्यांची खाट हलली नाही. फक्त तिच्या शेजारी आमच्याकडच्या वकिलांच्या आणि सावकारांच्या खाटा आल्या.

कायदेभंगाचे दिवस होते. पुण्याकडची बायकांची जागा भरली होती, म्हणून आमच्या बराकीत तीन जणी होत्या.

पहिल्या विमलाबाई. अमळनेरच्या एका वकिलाच्या पत्नी, ब्राह्मण, पस्तिशीच्या. जंगलचा कायदा मोडला म्हणून शिक्षा. मिरवणुकीने सरकारी रानात गेल्या होत्या, नव्या विळ्याने गवत कापलं होतं, विळ्याला हार होता. क्लास बी. खाट, गादी, दूध, आणि पुरुषांच्या यार्डातल्या ब्राह्मण कैद्याच्या हातचं जेवण.

दुसरी सुरकी. सातपुड्याच्या पायथ्याची भिल्लीण. तिनेही जंगलचाच कायदा मोडला होता. लाकूड तोडलं होतं. विळ्याऐवजी कोयता होता आणि तो जुना होता. हार नव्हता. नवरा फरार. क्लास सी. दोन घोंगड्या, ज्वारीची भाकरी, पातळ डाळ.

पहिल्याच दिवशी सुरकीने विमलाबाईंना विचारलं होतं, "तुम्हीन गवत कापं, मंग ढोरंस्ले काबर नही टाकं?"

विमलाबाई म्हणाल्या, "ते गुरांसाठी नव्हतं, सुरके. कायदा मोडण्यासाठी होतं."

"आन् गवत कोठे गये?"

विमलाबाईंना ते माहीत नव्हतं. सुरकीला त्याचं फार वाईट वाटलं.

तिसऱ्या मिसेस हॅरिस. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या, नवरा गार्ड. आजोबा विलायतेचे, आजी इकडची कुठलीशी. नवऱ्याच्या बढतीवरून त्याच्या साहेबाशी भांडण झालं आणि साहेबाच्या अंगावर यांनी सोड्याची बाटली फेकली. रंगाने त्या विमलाबाईंपेक्षा दोन छटा काळ्या. पण डोक्यावर हॅट होती. बराकीत, नळावर, जेवतानाही हॅट. मी एकदा म्हटलं, "बाई, इथे ऊन नाही." तर म्हणाल्या, "मेट्रन, साहेब लोग मेरा मुँह देखेगा तो भाकरी देगा. हॅट देखेगा तो ब्रेड देगा." त्यांनाही खाट होती.

आता सुरकी विमलाबाईंच्या खाटेवर कशी गेली, ते सांगते.

तिचे पाय सुजले, तेव्हा मी जेलच्या डॉक्टरांना बोलावलं. सुरकी त्यांना हात लावू देईना. ते दारातूनच पाहून म्हणाले, "फरशीवर झोपवू नका. दूध द्या."

मी जेलरसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "खाट हॉस्पिटलात मिळेल."

"हॉस्पिटल पुरुषांच्या यार्डात आहे."

"मग तिथे तिला नेता येणार नाही."

"तर खाट इकडे आणू?"

"हॉस्पिटलची खाट हॉस्पिटलबाहेर कशी नेता येईल?"

माणूस वाईट नव्हता. त्यांनी नियमाचं पुस्तक उघडून मला दाखवलंही.

विमलाबाई सकाळी आंघोळ करून लिंबाखाली जात, त्या तिन्हीसांजेला आत येत. दिवसभर खाट मोकळी. दुधाचा त्यांना नेम होता, शिक्षा संपेपर्यंत पिणार नाहीत, पण दूध रोज येत होतं. नियमाने ते मी परत पाठवायला हवं होतं. मी पाठवलं नाही. सुरकी दिवसा खाटेवर झोपे, दूध पिई, आणि संध्याकाळी मी चादर झटकून, बदलून ठेवी. विमलाबाईंना मी विचारलं नाही. त्या हो म्हणाल्या असत्या की नाही, याचा मला अंदाज नव्हता. नाही म्हणाल्या असत्या तर मग काही करता आलं नसतं.

विमलाबाईंना मात्र मनातून डाचत होतं. एकाच कलमाखाली आत आलेल्या दोन बायका, एक खाटेवर, एक फरशीवर. त्या रोज रात्री ते पाहत होत्या. म्हणून त्यांनी बी क्लास सोडल्याचा अर्ज थेट जेलरसाहेबांना दिला. मनापासून दिला. आणि अर्ज मंजूर होईपर्यंत कोणाला बोलल्या नाहीत, कारण गाजावाजा त्यांना नको होता.

तर खाट गेली, दूध बंद झालं. संध्याकाळी विमलाबाई आत आल्या, सुरकीच्या शेजारी घोंगडी अंथरली आणि म्हणाल्या, "आता आपण दोघी सारख्या."

सुरकी माझ्याकडे बघून म्हणाली, "अक्का, खाट कोठे गयी?"

"सरकारने नेली."

"आन् ही बाई काय म्हनस?"

"म्हणते, आता तुम्ही दोघी सारख्या."

सुरकीने विमलाबाईंना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "सारख्या? तुमनी कंबर दुखस का?"

दुसऱ्या दिवशी राऊंड. सुपरिंटेंडेंटसाहेब गोरे, पेशाने डॉक्टर, आठवड्यातून एकदा येत. मिसेस हॅरिसना ते मिसेस हॅरिस म्हणत, विमलाबाईंना बाई, सुरकीला नंबराने हाक मारीत आणि मला मेट्रन.

विमलाबाईंकडे पाहून ते म्हणाले, "बाई, टुमने खाट छोडा? अच्छा. सरकार का एक खाट बचा." जेलरसाहेब हसले. विमलाबाई ताठ उभ्या होत्या. त्यांना ते बक्षीसच वाटलं.

मी पुढे झाले. "साहेब, हिचे दिवस भरलेत. पाय सुजलेत, कालपासून अंगात कणकण आहे. हिला खाट पाहिजे."

साहेबांनी सुरकीकडे लांबून पाहिलं. म्हणाले, "मेट्रन, ये जंगल का औरत है. खेत में बच्चा देटा है, टोकरी में रखटा है, घर जाटा है. बहुत मजबूट. खाट से इसका टबियट बिगड़ेगा."

पुढे गेले. मिसेस हॅरिसची हॅट पाहिली, पाव ताजा येतो का विचारलं.

त्या दुपारी मी विमलाबाईंना सगळं सांगितलं. आधी त्यांना नीट कळलंच नाही.

"माझ्या खाटेवर? रोज?"

"रोज."

"आणि दूध?"

"तेही तीच पीत होती."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

त्यांनी टकळी खाली ठेवली. मग खरं ते म्हणाल्या. "दिली असती. पण चादर स्वतः धुतली असती. दोनदा."

"मी रोज बदलत होते."

"तुम्ही बदलत होतात हो. मी धुतली असती, असं म्हणतेय." आणि त्यांचे कान लाल झाले. मग म्हणाल्या, "मी खाट परत मागते."

ते इतकं सोपं नव्हतं. मी जेलरसाहेबांना आडून विचारलं. सी क्लास मागितला तर इथल्या इथे मिळतो. बी परत हवा तर कागद वर जातो, राहणीमानाची पुन्हा चौकशी होते, तोवर सुरकीचं मूल रांगायला लागलं असतं. एकच वाट होती. प्रकृतीच्या कारणावरून साहेब स्वतःच्या अधिकारात कोणालाही खाट आणि दूध देऊ शकत होते. कोणालाही म्हणजे ज्याची प्रकृती नाजूक आहे असं साहेबांना वाटेल त्याला. पुढचा राऊंड आठवड्याने.

मी मिसेस हॅरिसना विचारून पाहिलं. दिवसा दोन-चार तास सुरकीला खाट द्याल का?

"नहीं देगा, मेट्रन. भिल्ल है करके नहीं. आज मैं नीचे बैठा और किसी ने देखा, तो कल साहेब लिखेगा, इसको नीचे भी चलता है. फिर गया मेरा खाट, गया मेरा ब्रेड, गया मेरे बच्चों का रेल्वे स्कूल."

आधी मला राग आला. मग वाटलं, बाई हिशेबाला पक्की आहे.

त्या विमलाबाईंकडे वळल्या. "और टुम! मैं रोज हॅट पहन के खाट सँभालटा है. टुमने फोकट में दे दिया. फूल!"



मधे एक दिवस विमलाबाईंचे यजमान मुलाखतीला आले. मुलाखत म्हणजे नातेवाइकाची भेट. जेलरसाहेब टेबलाशी, मी दाराशी. यजमान भले गृहस्थ, खूश होते.

"विमल, तू सी क्लास घेतलास हे सभेत सांगितलं. टाळ्या थांबेनात. आबा तर रडले." आबा म्हणजे सासरे.

विमलाबाई म्हणाल्या, "मी खाट परत मागणार आहे."

"कशासाठी?"

त्यांनी जेलरसाहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर माझं काय झालं असतं, हे त्यांना कळत होतं.

"माझ्यासाठी. फरशीवर झोप येत नाही."

"अगं, पण लोकांना आम्ही काय सांगायचं?"

"झोप येत नाही, असं सांगा."

यजमान बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. जाताना नीट बोलले नाहीत. जेलरसाहेब मला नंतर म्हणाले, "अक्का, मला वाटलंच होतं. मोठ्या घरच्या बायका. किती दिवस टिकणार?" मी म्हटलं, "खरंय साहेब."

सुरकीचा ताप चढउतार करत होता. मी माझ्या घरची गोधडी तिच्याखाली घातली, तर जेलरसाहेबांनी ती काढायला लावली, बाहेरचं सामान म्हणून. ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायला लागली. विमलाबाई तिचे पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन बसत. सुरकी म्हणे, "बाई, तुमनं सूत ऱ्हाई गयं." विमलाबाई म्हणत, "राहू दे."

राऊंडच्या आदल्या दिवशी मिसेस हॅरिसनी विमलाबाईंना समोर बसवलं. का, ते मला विचारू नका. म्हणाल्या, रात्रभर कोणी कण्हत असलं की आपली झोप होत नाही, तेवढंच कारण.

"सुनो. न्याय मत माँगो. साहेब को न्याय से सिरदर्द होटा है. कंप्लेंट करो. फ्लोअर गंदा है बोलो. कमर पकड़ो. इंग्लिश आता है?"

"येतं. पण मी इंग्रजी बोलायचं सोडलंय."

"बहुत चीज छोड़टा है टुम. कल इंग्लिश बोलो. और पाँव में चप्पल डालो. नंगे पाँव वाले का कमर नहीं दुखटा."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी साहेब समोर आले तेव्हा विमलाबाई चपला घालून उभ्या होत्या, एक हात कमरेवर. त्या इंग्रजीत बोलल्या. मला इंग्रजी फारसं कळत नाही, पण मिसेस हॅरिस हॅटखालून मान डोलवत होत्या, त्यावरून ठीक चाललं होतं. मधे आवाज थोडा कापला. तो मुद्दाम नव्हता.

साहेब खूश झाले. मोठ्याने हसले. जेलरसाहेबांना म्हणाले, "देखा? एक हप्टे का गांधी." मग विमलाबाईंना विचारलं, "सो, फर्श पसंड नहीं आया?"

"नाही," विमलाबाई मराठीत म्हणाल्या.

"दूध?"

"तेही लागतं."

शेजारी सुरकी उभी होती, भिंत धरून. कंबर तिची दुखत होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी विमलाबाईंची नाडी पाहिली, प्रकृती नाजूक असा शेरा दिला, आणि खाट आणि दूध मंजूर केलं. खाट तासाभरात परत आली. तीच होती, एक पाय किंचित आखूड.

सुरकी चढून झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला कळा सुरू झाल्या. जेलरसाहेबांनी गावातली दाई बोलवायला माणूस पाठवला. दाईला आत घ्यायला परवानगी लागते, ती लिहून होईपर्यंत आमचं काम अर्धं झालं होतं. माझ्या भावजयांची बाळंतपणं मी पाहिलेली, तरी हे जड गेलं. ताप होता, अंगात जोर नव्हता. एकदा तर सुरकीचे डोळे पांढरे झाले. विमलाबाईंनी तिला पाठीमागून धरून बसवलं आणि सोडलं नाही. मिसेस हॅरिस पाठ करून आपल्या खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी एक पेटीकोट टराटरा फाडून मागे फेकला आणि म्हणाल्या, "ओल्ड है."

मुलगी झाली. थोडी उशिरा रडली, पण रडली. फरशीवर ते निभलं नसतं. हे मी डॉक्टर नसून सांगते.

जेलरसाहेब दाराबाहेरून म्हणाले, "अक्का, बाळंतीण कुठे आहे? नोंद करायची आहे."

मी म्हटलं, "बराकीत."

त्यांनी बराकीत असं लिहिलं. ते दारातून सरळ खाटेकडे बघत होते. त्याहून जास्त काही त्यांनी विचारलं नाही, आणि ही एक गोष्ट मी त्यांच्या बाजूने धरते.

पुढच्या राऊंडला साहेबांनी मूल पाहिलं. वजनाने हलकं, पण ठीक. साहेब मला म्हणाले, "मेट्रन, हम क्या बोला ठा? जंगल का औरत. बहुत मजबूट."

मी म्हटलं, "हो साहेब."

सुरकीची शिक्षा संपली, तेव्हा ती मुलीला झोळीत घालून यावलच्या रस्त्याने निघून गेली. जाताना विमलाबाईंना म्हणाली, "आते गवत कापशात तं माले सांगा. मी ली जासू." मिसेस हॅरिस दंड भरून सुटल्या. फाटकातून बाहेर पडल्या आणि पहिल्यांदा हॅट काढून डोकं खाजवलं.

विमलाबाईंना घ्यायला अमळनेरहून फक्त यजमान आले. हार नव्हते. काही वर्षांनी त्या मला अमळनेरच्या बाजारात भेटल्या. मी विचारलं, "काय म्हणतात लोक?"

"खाटवाल्या बाई म्हणतात. आमच्या जाऊबाईसुद्धा."

"अजून? मग सांगून टाकायचं होतं."

"तुमची नोकरी गेली असती." मग म्हणाल्या, "आणि खरं सांगू का अक्का, मला फरशीवर खरंच झोप येत नव्हती हो."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकले, की आपल्याला जास्त मिळतं ते सोडून दिलं, म्हणजे ज्याला कमी मिळतं त्याच्याकडे ते जातंच असं नाही. बहुतेक वेळा ते स्टोअरला जमा होतं.

बेचाळीसच्या धरपकडीत आमचं यार्ड पुन्हा भरलं. एके दिवशी एका प्रोफेसरांच्या तरुण पत्नी सकाळभर लिंबाखाली सूत काढून माझ्यापाशी आल्या, डोळे चमकत होते, हातात बी क्लास सोडल्याचा अर्ज होता. मी अर्ज घेतला आणि आधी बराकीत जाऊन त्यांच्या खाटेला हात लावून पाहिला. चादर गरम होती.

मी बाहेर येऊन म्हटलं, "बाई, हा अर्ज देण्याआधी जरा आत या."